मूळ गाणं आणि कव्हर: शेजारी ठेवून कसं ऐकायचं

एकानं आधी गायलेलं गाणं दुसऱ्या गायकानं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं की त्याला 'कव्हर' म्हणतात. मूळ आणि कव्हर अशी एकाच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणं ऐकली की पहिला प्रश्न येतो, "कुणाचं चांगलं?" हा प्रश्न मी शेवटच्या पायरीवर ठेवायला सांगणार आहे. कानाला जे रूप आधी भेटलं तेच बरोबर वाटतं. व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' ऐकत मोठं झालेल्याला डॉली पार्टनचं मूळ गाणं फिकं वाटतं, आणि डॉलीचं आधी ऐकलेल्याला व्हिटनीचा आवाज अंगावर येतो. अशा वेळी निकाल देते ती आपली सवय. खालच्या पायऱ्या ही सवय थोडा वेळ बाजूला ठेवायला आणि दुसऱ्या गायकानं काय ठेवलं, काय काढलं, काय घातलं हे ऐकू यायला मदत करतात.

लागणारं सामान थोडं आहे: बरा हेडफोन, कागद-पेन्सिल, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि मोबाइलवर तानपुऱ्याचं कुठलंही अ‍ॅप. घरात पेटी असेल तर उत्तम. गाणं शिकलेलं असण्याची अट नाही.

पायरी १: जोडी निवडा

सुरुवात आपल्या सगळ्यात लाडक्या गाण्यापासून करू नका. लाडक्या गाण्याच्या बाबतीत कान आधीच फितूर झालेला असतो. तसंच, मूळ वाद्यमेळ जसाच्या तसा ठेवून फक्त आवाज बदललेली कव्हरही सुरुवातीला टाळा. त्यात फरक फार बारीक असतात आणि नवख्या माणसाला ते पकडता येत नाहीत.

आपल्याकडे अशी गाणी ढिगानं आहेत. १९८०च्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या आणि जुनी हिंदी चित्रपटगीतं नव्या गायकांकडून गाऊन घेतलेल्या 'व्हर्शन' कॅसेटींनी बाजार भरला. गिऱ्हाइकाला जुनंच गाणं हवं होतं, म्हणून म्युझिक पीससुद्धा शक्य तितके तसेच वाजवले जायचे. कायद्याचाही कल तोच आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनं आलेल्या ३१सी या कलमानुसार, गाण्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालेलं वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी, आगाऊ सूचना देऊन आणि रॉयल्टी भरून कुणीही त्याचं कव्हर करू शकतं. मात्र हक्कधारकाच्या संमतीनं आधी झालेले बदल आणि तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य बदल सोडले, तर शब्दांत किंवा चालीत फेरफार करता येत नाही, आणि वेष्टनावर हे कव्हर आहे असं छापावं लागतं. गाणं उलटंपालटं करायचं तर हक्कधारकाशी वेगळं बोलावं लागतं.

पहिल्या सरावासाठी मी एकच जोडी सुचवतो: ओटिस रेडिंगचं 'रिस्पेक्ट' (१९६५) आणि अरेथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' (१९६७). दोन्ही अडीच मिनिटांच्या आत संपतात, दोन्ही कुठल्याही अ‍ॅपवर मिळतात, आणि शिकण्यासारखं जवळजवळ सगळं या दोघांत आहे.

पायरी २: वंशावळ काढा

ऐकण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा: गाणं कुणी लिहिलं, पहिल्यांदा कुणी ध्वनिमुद्रित केलं, कोणत्या वर्षी, आणि दुसऱ्या गायकानं नेमकं कोणतं ध्वनिमुद्रण ऐकून स्वतःचं केलं. चौथी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. तिच्यावरच तुलना उभी राहते किंवा कोसळते.

'हालेलुया' घ्या. लेनर्ड कोहेननं ते १९८४ साली 'व्हेरियस पोझिशन्स' या अल्बममध्ये गायलं. १९९१ साली एका गौरव-अल्बमसाठी ते गायची तयारी करताना जॉन केलनं कोहेनकडे शब्द मागितले, तेव्हा कोहेननं फॅक्सवर १५ पानं भरून कडवी पाठवली. केलनं त्यातून स्वतःची निवड केली, कोहेनचा सिंथेसायझर आणि कोरस काढून टाकला आणि पियानोवर एकट्यानं गायलं. जेफ बकलीचं १९९४चं गाजलेलं गाणं या केलच्या रूपावर उभं आहे. बकलीनं कोहेनची कडवी "बदलली" असं लिहिणारा माणूस केलचं काम बकलीच्या खात्यावर मांडतो.

व्हिटनीच्या गाण्यातही असाच मधला दुवा आहे. डॉली पार्टनचं गाणं १९७४ सालचं. १९९२च्या 'द बॉडीगार्ड' या चित्रपटासाठी संगीत-निर्माता डेव्हिड फॉस्टरसमोर जे ध्वनिमुद्रण होतं ते लिंडा रॉनस्टॅटचं, १९७५ सालचं, आणि त्यात शेवटचं कडवं नव्हतं. डॉलीशी फोनवर बोलणं झालं तेव्हा हे उघड झालं आणि ते कडवं व्हिटनीच्या गाण्यात आलं. ते कडवं डॉलीनं गायलेलं नाही, ती ते बोलते. व्हिटनी तेच गाते. मला स्वतःला डॉलीचं बोलणं जास्त भिडतं, कारण निरोपाचे शब्द तिथं सुरांचा आधार सोडून येतात.

अ‍ॅपवर शोधताना एक सावधगिरी हवी. जुन्या गायकांनी नंतरच्या काळात दुसऱ्या कंपन्यांसाठी आपलीच गाणी पुन्हा गायलेली असतात आणि शोधात तीही वर येतात. वर्ष, अल्बमचं नाव आणि कंपनी जुळते का ते बघा. 'रिमास्टर' लिहिलेलं असेल तर मूळ ध्वनिमुद्रणच साफ केलेलं आहे, ते चालेल. 'री-रेकॉर्डेड' किंवा 'लाइव्ह' असेल तर ते तिसरंच गाणं समजा. जुन्या हिंदी चित्रपटांत तर पडद्यावरचं गाणं आणि तबकडीवरचं गाणंही पुष्कळदा वेगळं असतं, एखादं कडवं इथं असतं आणि तिथं नसतं.

पायरी ३: आवाजाची पातळी सारखी करा

ही पायरी कंटाळवाणी आहे पण टाळू नका. दोन आवाजांतला जो किंचित मोठा असतो तो कानाला जास्त भरलेला, जास्त जवळचा वाटतो. नवी ध्वनिमुद्रणं साधारणपणे जुन्यांपेक्षा मोठ्या पातळीवर तयार होतात, त्यामुळे काहीच केलं नाही तर कव्हरला फुकटचा फायदा मिळतो. स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये पातळी समान करण्याची सोय असते, ती चालू ठेवा. फाइल हाताशी असेल तर ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकाखाली एक लावून समान करता येतात. काहीच जमलं नाही तर गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा ऐकू येईपर्यंत बटण हातानं फिरवा. दोन्ही गाणी एकाच हेडफोनवर ऐका.

पायरी ४: मूळ, कव्हर, पुन्हा मूळ

क्रम हाच ठेवा. पहिल्या फेरीत पेन्सिल उचलू नका. मूळ गाणं पूर्ण ऐका, मग कव्हर पूर्ण, मग लगेच मूळ. खरा माल या तिसऱ्या ऐकण्यात सापडतो. कव्हर ऐकून झाल्यावर मूळ गाण्यात एकदम काहीतरी "नाही" असं जाणवतं. अरेथानंतर ओटिसकडे परत आलात की सॅक्सोफोनचा तुकडा कुठं गेला असं वाटेल. तो तिथं कधीच नव्हता. हे जे चुकल्यासारखं वाटतं, ते पहिलं टिपण म्हणून लिहून ठेवा.

पायरी ५: घड्याळ लावून आराखडा

आता कागदाच्या दोन उभ्या रकान्यांत दोन्ही गाण्यांचा आराखडा लिहा. सुरुवातीचं वादन किती सेकंद, आवाज कधी येतो, कडवं, ध्रुवपद, मधला पीस, पुन्हा कडवं, शेवट. शेजारी वेळ टाका.

'रिस्पेक्ट'मध्ये हे केलंत की चित्र उघडं पडतं. ओटिसचं गाणं एका दमात पळतं. ब्रासचे, म्हणजे ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांचे धक्के, ड्रमचा ठाम ठेका, कडव्यामागून कडवं, आणि शेवटी तो शब्दांशी झटापट करत गाणं खेचत नेतो. वेगळ्या चालीचा मधला भाग त्यात नाही. अरेथानं १४ फेब्रुवारी १९६७ला न्यू यॉर्कमध्ये अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत ते गायलं, पियानोवर ती स्वतः होती. तिच्या रूपात किंग कर्टिसचा सॅक्सोफोन मध्ये येतो आणि तिथं गाणं अचानक दुसऱ्याच पट्टीत उडी मारतं. त्या तुकड्याचे कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ) सॅम अँड डेव्ह या जोडीच्या वेगळ्याच गाण्यातून उचललेले आहेत. सॅक्स संपला की गाणं घरी परत येतं, आणि मग वाद्यं थबकतात आणि ती शब्दाची अक्षरं सुटी सुटी म्हणते: आर-ई-एस-पी-ई-सी-टी.

हा भाग गाण्यात कधी येतो ते घड्याळात बघा. जगाच्या आठवणीत हे गाणं म्हणजे ती सात अक्षरं. प्रत्यक्षात ती दीड मिनिट उलटून गेल्यावर येतात आणि लगेच संपतात. ओटिसच्या गाण्यात ती नाहीतच. अरेथाच्या मागे तिच्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा, ज्या बोलांचा मारा करतात तोही मुळात नाही. एका माणसाची तक्रार इथं बायकांच्या गटाची मागणी झाली, आणि ती झाली मुख्यतः रचनेतून.

पायरी ६: पट्टी आणि लय मोजा

तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर एकेक पट्टी लावत जा. गाणं ज्या सुरावर येऊन विसावतं तो सूर तानपुऱ्याच्या षड्जाशी जुळला की पट्टी सापडली. पेटीच्या भाषेत लिहा: काळी एक, पांढरी चार, जे असेल ते. मूळ गायक पुरुष आणि कव्हर करणारी स्त्री असेल, किंवा उलट, तर पट्टी बदलणं साहजिक आहे आणि त्यातून फार अर्थ काढू नये. गाण्याच्या आत पट्टी बदलली तर मात्र तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. व्हिटनीच्या गाण्यात तीन मिनिटं उलटल्यावर सगळं थांबतं, ड्रमचा एकच दणका बसतो आणि गाणं एक पूर्ण स्वर वर चढतं. डॉलीच्या गाण्यात याच वळणाच्या जरा आधी, शेवटच्या कडव्यात, आवाज खाली येऊन बोलू लागतो. जवळजवळ एकाच जागी एक वर गेली, दुसरी खाली आली. मला विचाराल तर दोघींची अख्खी तुलना या एका जागेत मावते.

लयीसाठी १५ सेकंद टाळी धरा आणि ठोके चारनं गुणा. गाण्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तीन वेळा मोजा. क्लिकशिवाय, म्हणजे कानात ठोके देणाऱ्या यंत्राशिवाय वाजवलेल्या जुन्या गाण्यांत लय हळूहळू चढलेली सापडते, आणि तो दोष समजू नका.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या बाबतीत पट्टी आणि लय दोन्हींवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तबकडी फिरण्याचा वेग सगळीकडे काटेकोर नव्हता. ध्वनिमुद्रण करताना एक वेग आणि आज फाइल बनवताना दुसरा, असं झालं की आवाज किंचित चढतो किंवा उतरतो. बालगंधर्वांची एकच तबकडी दोन ठिकाणी दोन वेगळ्या पट्ट्यांत सापडली तर गोंधळून जाऊ नका.

पायरी ७: शब्द ओळीला ओळ लावून

दोन्हीकडचे शब्द समोर ठेवा आणि बदललेला प्रत्येक शब्द अधोरेखित करा. सर्वनामांवर जास्त लक्ष द्या. ओटिस म्हणतो, तुला हवं ते तुला मिळालंय, मी घरी येईन तेव्हा थोडा मान दे. अरेथा म्हणते, तुला हवं ते माझ्याकडे आहे, तू घरी येशील तेव्हा थोडा मान दे. बदललेले शब्द बोटांवर मोजण्याइतके आहेत, पण घराचा उंबरठा ओलांडणारं माणूस बदललं, आणि ज्याच्या हातात काही आहे ते माणूसही बदललं.

काही गाण्यांत शब्द बदलत नाहीत, बोलणारा बदलतो. 'हर्ट' हे नाइन इंच नेल्स या रॉक बँडचं १९९४चं गाणं, त्याचा गायक ट्रेंट रेझनरनं लिहिलेलं. त्या वेळी तो तिशीच्या आत होता. जॉनी कॅशनं २००२ साली ते गायलं तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता आणि पुढच्याच वर्षी गेला. मूळ गाण्यात एका मुकुटाची ओळ आहे, तिच्यातली शिवी काढून त्यानं तिथं काट्यांचा मुकुट आणला, म्हणजे एका शब्दात ख्रिस्ताची आठवण आणली. बाकी शब्द जवळजवळ तेच. तरी तरुणाच्या तोंडी जे स्वतःला संपवण्याच्या काठावरचं बोलणं होतं, ते म्हाताऱ्याच्या तोंडी आयुष्याचा हिशेब होतं.

इथंच एक सूचना. कॅशच्या गाण्याचा मार्क रोमानेकनं केलेला व्हिडिओ विलक्षण आहे, आणि म्हणूनच तो आधी बघू नका. त्यातला थकलेला चेहरा आणि जुनी चित्रफीत बघितल्यावर कान काय ऐकतोय हे कळेनासं होतं. आधी फक्त ध्वनी ऐका. रेझनरचं गाणं सहा मिनिटांहून लांब आहे, कॅशचं पावणेचार मिनिटांच्या आत संपतं. मधला फरक मुख्यतः शेवटच्या गोंगाटाचा आहे: मूळ गाणं एका फाटक्या, प्रचंड कॉर्डवर आदळतं आणि मग बराच वेळ नुसती घरघर उरते. लोक तिथं गाणं बंद करतात. करू नका, ती घरघर गाण्याचाच भाग आहे. कॅशनं ती काढली आणि तिच्या जागी पियानोचा एकच सूर ठोकत ठोकत चढवत नेला. दोघांनाही शेवटी गाणं फुटायला हवं होतं, वाटा वेगळ्या निवडल्या.

पायरी ८: मराठी गाण्याला हीच फूटपट्टी लावताना

नाट्यसंगीताकडे वळलात की "मूळ" या कल्पनेलाच जरा सैल करावं लागतं. बालगंधर्व 'स्वयंवर'मधलं (१९१६, संगीत भास्करबुवा बखले) पद रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत कितीही वेळ खुलवायचे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तेव्हा आपल्या हाती असलेलं मूळ ध्वनिमुद्रण हा त्या गाण्याचा आटोपशीर संक्षेप आहे. २०११च्या 'बालगंधर्व' चित्रपटासाठी आनंद भाटे यांनी नाट्यपदं गायली आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती ऐकताना तबकडीशी सूर जुळतो का एवढंच बघू नका. शब्द कुठं सोडला, समेवर येताना किती उशीर केला, हरकत घेतल्यावर ओळीचा अर्थ शाबूत राहिला का, हे बघा. बालगंधर्वांची जागा घेणं म्हणजे त्यांची प्रत्येक मुरकी मोजून घेणं नव्हे.

'कट्यार काळजात घुसली'मध्ये तर सरावासाठी खजिनाच आहे. नाटक १९६७चं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद तिथं दोन चालींत येतं, एक धानी रागातली आणि दुसरी, वसंतरावांनी गायलेली, सालगवराळीतली. शब्द तेच ठेवून चाल बदलली की काय काय बदलतं हे कळायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. आधी या दोन चाली शेजारी ठेवा. मग २०१५च्या चित्रपटाकडे या, जिथं खाँसाहेबांचं गाणं वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी गायलं आहे. आवाजाचं घराणं एकच आहे म्हणून फरक बारीक असतील: ताना किती, श्वास कुठं, तबल्याशी छेडछाड किती, मागचा वाद्यमेळ रंगभूमीवरच्या पेटी-तबल्यापेक्षा किती भरलेला. नवख्यानं ही जोडी 'रिस्पेक्ट'नंतर घ्यावी, आधी नको.

पायरी ९: एक पान लिहा, मग निकाल द्या

जमलेल्या टिपणांतून तीन निर्णय निवडा: एक ठेवलेलं, एक काढलेलं, एक घातलेलं. प्रत्येकाशेजारी मिनिट-सेकंद लिहा, म्हणजे वाचणारा तिथं जाऊन स्वतः ऐकू शकेल. "भावपूर्ण", "आत्मा हरवला", "काळजाला हात घातला" असे शब्द खोडा आणि त्या क्षणी कुठलं वाद्य थांबलं किंवा आवाज कुठं गेला ते लिहा. मग "कुणाचं चांगलं?" याचं उत्तर द्या आणि बिचकू नका. माझं उत्तर असं: 'रिस्पेक्ट'ची रचना अरेथाची जास्त पक्की आहे, पण ड्रम आणि ब्रासच्या धडाक्यासाठी मी ओटिसकडे परत जातो. अमेरिकेतल्या मॉन्टेरे संगीत महोत्सवात १९६७च्या जूनमध्ये ओटिस स्वतःच श्रोत्यांना सांगत होता की एका मुलीनं हे गाणं माझ्याकडून नेलं.

दुसऱ्या सरावासाठी बॉब डिलनचं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' घ्या. अल्बम १९६७च्या डिसेंबर अखेरीस आला, आणि जिमी हेंड्रिक्सनं लंडनमध्ये त्याचं ध्वनिमुद्रण १९६८च्या जानेवारीतच सुरू केलं. डिलनचं गाणं अडीच मिनिटांचं: गिटार, हार्मोनिका, बास, ड्रम. हेंड्रिक्सचं चार मिनिटांचं. वाढलेला दीड मिनिट कुठं कुठं खर्च झाला याचा सेकंदांत हिशेब मांडा, आणि डिलनची हार्मोनिका जिथं वाजते तिथं हेंड्रिक्सची गिटार काय करते ते लिहा. ते झालं की डिलनचं १९७४नंतरचं एखादं लाइव्ह ध्वनिमुद्रण शोधा आणि तो स्वतः आता कुणाच्या वळणानं गातोय ते ऐका.